वरचं एक शून्य

जानेवारी २००५ मधल्या एका मंगळवारी, सकाळी नवाच्या सुमारास, शाळेच्या भिंतीवरून मायक्रोमीटरचा नव्वद टक्के भाग गेला असल्याचं उघडकीला आलं. तासाभरात नॅनोमीटरचाही तेवढाच भाग गेल्याचं कळलं. दुपारच्या सुट्टीपर्यंत पिको, फेम्टो, ॲटो आणि झेप्टो या चौघांचीही तीच गत असल्याचं नक्की झालं. सगळं नुकसान गोळा केलं असतं तरी ते डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत पन्नास वेळा मावलं असतं. पण धर्मपालची तीस वर्षांची इज्जत त्यात गेली, आणि ती मोजायला बारीक माप लागत नव्हतं.

धर्मपाल हा बाजारातला निवृत्त मापारी. संत्री, लिंबं, कवठं, जे काही नगावर विकलं जायचं ते मोजून देणं हे त्याचं काम. दोन हातांनी पाच-पाच फळं उचलायची, तोंडानं आकडा म्हणायचा, आणि ढीग मोजून झाला की न विसरता म्हणायचं, "अन् वर एक." हे वरचं एक गिऱ्हाइकाचं. ते दिलं नाही तर माप पुरं झालं असं बाजारात कुणी मानत नसे. तीस वर्षांत त्याच्या मोजणीत कुणी खोट काढली नव्हती. ती आता निघाली, आणि तीही भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटात, वीतभर उंचीच्या अक्षरांत.

भिंत शाळेची होती, पण त्यावरचं काम जयाचं. जया म्हणजे धर्मपालची बायको. ती या शाळेत चौथीला शिकवायची. एकदा वर्गात कुणीतरी तिला विचारलं, "बाई, मिलीच्या खाली काय असते?" तिला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेनं "वरच्या वर्गात गेलं की समजते" म्हणून विषय मिटवला असता. जयानं एक दिवसाची रजा टाकली, यष्टीनं यवतमाळला गेली, कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला गाठलं आणि वहीत सगळी उतरंड लिहून आणली. मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो, ॲटो, झेप्टो, योक्टो. मग तिनं ठरवलं की हे सगळं शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लिहायचं, आणि प्रत्येकाचे मीटर करून, सगळ्या शून्यांसकट. मीटर, डेसी, सेंटी आणि मिली या चार ओळी तिनं स्वतः ब्रश घेऊन लिहिल्या. पाचवी लिहायच्या आधी आषाढात तिला ताप आला. आठ दिवसांत ती गेली.

त्यानंतर सहा महिने धर्मपालनं वही उघडली नाही. उघडावी लागली ती एका परिपत्रकामुळे. तालुक्याहून हुकूम आला की सगळ्या शाळांच्या भिंतींना जानेवारीअखेर एकसारखा चुना मारायचा. अपवाद फक्त "पूर्ण, अचूक व तपासलेल्या शैक्षणिक मजकुराचा". मुख्याध्यापक राजदीप सरांनी तो कागद धर्मपालच्या घरी आणून वाचून दाखवला.

"म्हणजे काय, सर?"

"म्हणजे बाईंचं काम अर्धवट राह्यलं तर त्याच्यावर चुना. बाईंच्या चार ओळीबी जातील. पुरं झालं अन् साहेबांनी सही केली, तर राह्यलं."

धर्मपालनं त्याच दिवशी कय्युमला बोलावलं.

कय्युम पेंटर हा शेजारच्या जोहराबीचा मुलगा. मोटारपंपांच्या जाहिराती, गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या हे त्याचं क्षेत्र. त्याचं शून्य प्रसिद्ध होतं. अंड्यासारखं, उजवीकडे बारीक सावली दिलेलं. "भाऊ," तो म्हणाला, "गाडीच्या नंबरात मले एखादं शून्य भेटते. इथं तर पूरी बरात आहे. तुमी बोलत चला, मी निकालत चालतो."

तसंच झालं. धर्मपाल वहीवर बोट ठेवून मोजायचा आणि कय्युम रंगवायचा. मायक्रोच्या ओळीत टिंबानंतर पाच शून्ये आणि मग एक, असं जयानं लिहिलं होतं. धर्मपालनं म्हटलं, "शून्य, टिंब, मंग एक, दोन, तीन, चार, पाच..." आणि तीस वर्षांची जीभ तिथं थांबली नाही, "...अन् वर एक." कय्युमनं सहावं शून्य काढलं. त्याच्या पुढं एकचा आकडा काढला. नॅनोला आठ, वर एक. पिकोला अकरा, वर एक. सहा ओळी झाल्या आणि प्रत्येकीत धर्मपालनं मोठ्या मनानं एकेक शून्य जास्त दिलं.

संत्र्यात एक जास्त दिलं की गिऱ्हाइकाला जास्त मिळतं. टिंबाच्या पुढं एक शून्य जास्त दिलं की माप दहापट कमी होतं. हे बाजारात कुणी शिकवत नाही.

सातवी ओळ योक्टोची. तेवीस शून्ये. ती लिहायच्या सकाळी दोघं रंगाचा डबा घेऊन गेले तर भिंतीसमोर बैलगाड्या. कापूस खरेदी केंद्र शाळेच्या पुढंच होतं. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी लावायला जागा उरली नाही म्हणून काटा बंद झाला होता, आणि गाड्यांची रांग मागं सरकत सरकत शाळेच्या भिंतीला येऊन चिकटली होती. योक्टोच्या कोऱ्या जागेला एक गाडी अगदी खेटून उभी. बैल सोडलेले, जुवावर टॉवेल वाळत घातलेला, आणि कापसावर पालथा पडून विडी न पेटवता नुसतीच चावणारा एक माणूस.

"भाऊ, गाडी जराशी सरकवता का?" धर्मपालनं विचारलं.

"सरकवली तर नंबर जाते," तो माणूस म्हणाला. "चार दिस झाले. तुमचा नंबर लागला आहे का कुठं कधी?"

हा डोंगरसिंग. जवळच्या तांड्यावरचा. त्याच्यासमोरची भिंत कोरी होती म्हणून त्याला करमत नव्हतं. तो दिवसभर पुढच्या गाड्यांसमोर जाऊन त्यांची भिंत वाचायचा. चार दिवसांत त्यानं सगळी शून्ये मोजली. मग दुसऱ्यांनी मोजली. पिकोत बारा की तेरा यावरून दोघांची बोलचाल बंद झाली. शेवटी मंगळवारी सकाळी केंद्रातला कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर इंद्रजित चहाला बाहेर आला, तेव्हा डोंगरसिंगनं त्याला धरलं.

"साहेब, तुमी आमच्या कापसाचा धागा मायक्रो का काय त्याच्यानं बारीक-जाड ठरवता. मंग सांगा, हे बरोबर आहे का?"

इंद्रजितला कुणी कापसाच्या भावाशिवाय काही विचारेल याची सवय नव्हती. तो खूश झाला. त्यानं चहाचा कप गाडीच्या चाकावर ठेवला, बोटानं मोजलं, आणि म्हणाला, "चूक आहे. टिंबानंतर पाच पाहिजेत. सहा आहेत. ह्या मायक्रोतला दहावाच हिस्सा शिल्लक आहे."

"म्हणजे कट्टी कापली, काट्यावर वजनातून कापता तशी," डोंगरसिंग म्हणाला. "नव्वद टक्के! साहेब, तुमी बी इतकी कापत नाही!"

ही बातमी चहा निवायच्या आत रांगेच्या दोन्ही टोकांना पोचली. धर्मपाल वही घेऊन धावत आला. मोजलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना त्याच्या तोंडून पुन्हा "अन् वर एक" निघालं, आणि तेव्हा त्याला कळलं काय झालं ते.

"मैं तो जितना बोले उतनाच निकाला," कय्युम म्हणाला. "माझ्याकडून एकबी जास्त नाही."

त्या दिवसापासून रांगेत धर्मपालचं नाव शून्यवाले काका पडलं. मागं कुणी त्याला मापारीसाहेब म्हणायचे.

आता सल्ले सुरू झाले. जोहराबीनं कुंपणावरून सांगितलं, "भाई, पूरी दीवार धो डालो और नये सिरे से लिखो." सगळी भिंत धुवायची तर जयाच्या ओळीही आल्या, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती आत गेली आणि थोड्या वेळानं वाटीभर खीर घेऊन आली. राजदीप सर म्हणाले, मधलं एक शून्य पुसून टाकू. कय्युमनं ते धुडकावलं. "बीच में से एक निकाला तो दात पडल्यासारखं दिसन. माझं नाव आहे ना भाऊ भिंतीखाली." नाव खरंच होतं, मोबाइल नंबरासकट. एका गाडीवाल्यानं सुचवलं की शेवटचा एकचा आकडा पुसून दहा करा. इंद्रजितनं त्यावर विचार केला आणि सांगितलं की त्यानं काहीच फरक पडत नाही, उलट एक शून्य आणखी वाढतं.

तोडगा डोंगरसिंगनं काढला. तो कापसावरूनच ओरडला, "अरे, शून्य कायले पुसता? टिंब सरकवा ना एक घर!"

इंद्रजितनं हवेत बोटानं लिहून पाहिलं. टिंब एक घर पुढं नेलं की टिंबाच्या आधी दोन शून्ये, नंतर पाच, मग एक. "किंमत बरोबर येते," तो म्हणाला.

"मंग! माहा माल काटा नाही घेऊन राह्यला, पण अक्कल घ्या म्हणा."

त्याच दुपारी कय्युमनं गाड्यांवरून वाकून, हात लांबवून सहा टिंबं पुसून सहा नवी टिंबं दिली. टिंबाबरोबर शेजारची शून्ये जरा खराब झाली होती म्हणून त्यांच्यावर रंगाचा एक हात फिरवला. मग दोघं भिंतीकडं पाहत चहा प्यायले. तेवढ्यात वारा सुटला. रांगेत साठ गाड्या कापूस उघडा होता. ओल्या ऑइलपेंटाला कापूस चिकटायला थोडासा वाराही पुरतो. पाच मिनिटांत प्रत्येक ओल्या शून्याला पांढरी दाढी आली. नॅनोच्या ओळीला एका बैलानं मान घासली आणि दोन शून्ये खांद्यावर घेऊन निघून गेला. कय्युमनं ब्रश डब्यात टाकला आणि डोक्याला हात लावून बसला. "भाऊ," तो म्हणाला, "हे शून्य नाही, हे बुजुर्ग लोक दिसून राह्यले."

दाढ्या काढायला दोन दिवस गेले. राहिलेला वेळ तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाला धर्मपालनं भिंत तपासायचा अर्ज दिला तर त्यानं विचारलं, "मजकूर पुस्तकातल्या कोणत्या पानावरचा?"

"मिलीपर्यंतचा चौथीच्या पुस्तकात आहे, साहेब."

"अन् बाकीचा?"

"बाकीचा बायकोच्या वहीत आहे."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "वहीला पान क्रमांक आहेत का?"

नव्हते. धर्मपालनं बाहेर बाकावर बसून वहीला पान क्रमांक घातले. एक ते छप्पन. आत गेला तर कारकून म्हणाला, भिंतीची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा, तुम्ही मीटरमध्ये लिहिली आहे. धर्मपाल गेल्या पंधरवड्यात झेप्टोपर्यंत उतरून आला होता, पण घाईत त्यानं अडतीस मीटरचे तीनशे ऐंशी सेंटिमीटर केले. कारकुनानं अर्ज परत केला. दुसऱ्या खेपेला पोच मिळाली. यष्टीत उभ्यानं येताना त्याच्या मनात आलं की आता घरी जाऊन हे जयाला सांगितलं तर ती हसून लोळेल. घराचं कुलूप काढेपर्यंत ते मनातच राहिलं.

सत्तावीस तारखेला विस्तार अधिकारी जीपमधून आले. त्यांनी भिंत एका टोकापासून पाहायला घेतली. जयाच्या चार ओळींसमोर मान डोलावली. मायक्रोसमोर थांबले.

"टिंबाच्या आधी दोन शून्ये कशी?"

धर्मपाल काही बोलायच्या आत कापसावरून आवाज आला. "साहेब, किंमत बदलते का त्याच्यानं?"

"किंमत नाही बदलत. पद्धत बदलते."

"मंग आमच्या कापसाचं उलट आहे. पद्धत तीच राह्यते, किंमत बदलते."

रांग हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी राजदीप सरांना सांगितलं की पुढचं जादा शून्य काढा. परवापर्यंत सगळ्या ओळी निर्दोष झाल्या तर सही, नाहीतर चुना. चुन्याची माणसं उद्याच येतील, त्यांना थांबायला सांगणं आपल्या हातात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं चुन्याचा ड्रम आणि बांबूचे ब्रश घेऊन खरंच आली. पण भिंतीला गाड्या चिकटलेल्या.

"गाड्या काढा."

"नंबर जाते," साठ जणांनी एका आवाजात सांगितलं.

चुन्याची माणसं अर्धा तास उभी राहिली, मग बसली, मग गाडीवाल्यांकडून भाकर-ठेचा खाऊन संध्याकाळी निघून गेली. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत धर्मपालला पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं. दुपारी इंद्रजित बाहेर आला आणि म्हणाला, "उद्या दहा वाजता काटा सुरू होते. गंजी हलल्या."

रांगेत एकदम ओरडा झाला. कुणी बैलांना शिट्टी घातली. एकटा धर्मपाल भिंतीकडं बघत राहिला. गाड्या गेल्या की भिंत उघडी, आणि सकाळी चुना येणार.

डोंगरसिंगनं त्याचं तोंड पाहिलं. "काय झालं, काका? काहून तोंड उतरलं? आमचा काटा सुरू झाला म्हणून?"

धर्मपालला खोटं बोलता आलं नाही. "होय," तो म्हणाला.

"वा! म्हणजे तुमच्या शून्यापायी आमी इथंच सडावं? पंधरा दिस झाले. घरी बायको एकटी आहे. जनावरं आहेत. बैलाले कडबा विकत घेऊन चारून राह्यलो."

"माह्या बायकोच्या हातच्या ओळी आहेत," धर्मपाल म्हणाला. "त्या जातील."

डोंगरसिंग कापसावरून खाली उतरला. पंधरा दिवसांत तो पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या कामासाठी उतरत होता. "कोणत्या?"

धर्मपालनं फाटकाजवळच्या चार ओळी दाखवल्या. डोंगरसिंगनं त्या वाचल्या. बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "सहाच शून्यं काढाची आहेत ना? मंग बसून कायले राह्यले? काढा ना. उद्या दहा वाजेलोक गाड्या आहेत."

भिंत आणि चाकं यांच्यामध्ये जागा जेमतेम हातभर. टिंबापुरता हात गाडीवरून पोचला होता, पण खरवडायला आत शिरावं लागणार होतं, आणि कय्युमचं पोट तिथं शिरेना. त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा अडकला. त्याला चौघांनी ओढून काढलं. शेवटी काचकागद आणि करवंटी घेऊन धर्मपालच आत गेला. ऑइलपेंटावर चुना टिकत नाही, म्हणून शून्य आधी खरवडायचं, मग चुना लावायचा. वय बासष्ट, पाठ चाकाला, नाक भिंतीला, आणि मागून बैलाची शेपटी मानेवर. कय्युम गाडीच्या दांडीवर बसून सूचना देत होता. खरवडताना आजूबाजूची जी शून्ये जखमी झाली, ती पुन्हा काढायची होती, आणि ती धर्मपालनंच कय्युमच्या ब्रशनं काढली. त्या शून्यांची सावली त्याला जमली नाही. कय्युमनं तोंड फिरवून घेतलं.

"मोजून घ्या, काका!" रांगेतून आवाज आला.

धर्मपाल मोजू लागला. "एक, दोन, तीन, चार, पाच..."

"वरचं देऊ नका!" तीस-चाळीस जण ओरडले.

प्रत्येक ओळीला असंच. आठ म्हटलं की ओरडा, अकरा म्हटलं की ओरडा. झेप्टोच्या विसाला बाहेरच्या रस्त्यानं जाणारी यष्टी थांबली आणि खिडकीतल्या लोकांनीही ओरडून घेतलं.

अंधार पडायच्या आधी तो फाटकाकडून बाहेर आला. बाहेर येताना मिलीची ओळ त्याच्या नाकासमोरून गेली. इतक्या जवळून त्यानं ती कधी पाहिली नव्हती. टिंबापुढच्या दोन शून्यांपैकी दुसरं जरा चेपलेलं होतं, आणि त्याच्या कडेला ब्रशचा एक केस रंगात तसाच वाळून बसला होता. त्यानं नखानं काढायला हात नेला आणि परत घेतला.

दुसऱ्या दिवशी दहाला काटा सुरू झाला. गाड्या सरकू लागल्या. चुन्याची माणसं सव्वानवालाच येऊन बसली होती. विस्तार अधिकारी पावणेअकराला आले, तेव्हा मायक्रोपर्यंतची भिंत उघडी झाली होती आणि पहिला ब्रश चुन्यात बुडाला होता. राजदीप सर ब्रशच्या आणि भिंतीच्या मध्ये उभे होते. त्यांचा नवा शर्ट त्यात गेला.

साहेबांनी सहाही ओळी मोजल्या. इंद्रजितनं काटा दोन मिनिटं थांबवून त्यांच्याबरोबर मोजल्या. एकही जास्त नव्हतं, एकही कमी नव्हतं. योक्टोची कोरी जागा अजून डोंगरसिंगच्या गाडीआड होती. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा लिहिला, सही केली, शिक्का मारला. धर्मपालनं दोन्ही हातांनी तो कागद घेतला.

डोंगरसिंगची गाडी शेवटची. ती केंद्राच्या फाटकातून आत गेली तेव्हा त्यानं मागं वळून हात केला. "जातो, काका! तुमच्या बाईचं काम राह्यलं बा एकदाचं!"

धर्मपालनं हात वर केला. मग कय्युमला म्हणाला, "चाल, जागा मोकळी झाली. डबा आण."

कय्युम डबा घेऊन आला. राजदीप सर धर्मपालकडून घेतलेला कागद वाचत उभे होते. त्यांनी तो धर्मपालच्या हातात परत दिला. शेरा असा होता: सदर भिंतीवरील मजकूर तपासला. अचूक आहे. आजच्या स्थितीत कायम ठेवावा. यापुढे त्यात कोणतीही भर घालू नये. भर घातल्यास ही मान्यता रद्द समजण्यात येईल.

"सर, एकच ओळ आहे," धर्मपाल म्हणाला.

"भाऊ, ती लिहिली की बाकीच्याची मान्यता जाते. बाईंच्या ओळींचीबी."

कय्युमनं डब्याचं झाकण परत लावलं.

जयाच्या चार ओळी भिंतीवर आहेत. त्यांच्यापुढच्या सहा आहेत. धर्मपालनं नवा अर्ज केला आहे, लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून, वहीच्या पान क्रमांकासकट. त्यासाठी तो चार वेळा तालुक्याला जाऊन आला. उत्तर आलेलं नाही. योक्टोची ओळ लिहायची राहिली आहे.